हवाच तर आहे!

टेंभुर्णी म्हटलं की होस्टेलवर सगळे विचारतात, "सोलापूरचं का?" नाही हो! आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, जाफ्राबाद तालुक्यातलं. काळी माती, कपाशी, सोयाबीन आणि पावसाळ्यात चिखलात रुतलेले ट्रॅक्टर. तुम्ही बाजा एसएईइंडियाची गाडी चिखलात पळवायची स्वप्नं बघता (ती स्पर्धा 2007 साली पिथमपूरला सुरू झाली). आमच्याकडे ती 'ऑफ-रोड' स्पर्धा रोजच असते, फक्त बक्षीस नसतं!

गेल्या पावसाळ्यात काकांच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक शेतातच बसलं. पंक्चर काढलं, पण हवा कुठून भरणार? लाईट गेलेली, म्हणजे गावातला कॉम्प्रेसरही बंद. तेवढ्यात एकाने वेल्डिंगचा ऑक्सिजनचा सिलिंडर बैलगाडीत टाकून आणला. मी आडवा आलो, तर काका म्हणाले, "काहून नाही भरायची? हवाच तर आहे!"

हवाच तर आहे! या एका वाक्यासाठी हा लेख लिहितोय.

ऑक्सिजन म्हणजे हवा नव्हे. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 150 बार दाब असतो, आणि शुद्ध ऑक्सिजनला ग्रीस, तेल, रबर भेटलं की पेट घ्यायला निमित्त पुरतं. आमच्या ट्रॅक्टरच्या चाकाला ग्रीस किती असतं ते सांगायला नकोच. त्यात रेग्युलेटर नाही, म्हणजे किती दाब टायरात जातोय ते देवालाच ठाऊक. त्या दिवशी मी भांडलो, काका चिडले, चाक दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहिलं. पण काका धडधाकट आहेत, हे महत्त्वाचं.

मग प्रश्न उरतोच, शेतात हवा आणायची कशी? परदेशातल्या ऑफ-रोडवाल्यांनी यावर एक उत्तर काढलंय: कार्बन डायऑक्साइडची बाटली. रेग्युलेटर लावायचा, पाइप जोडायचा, आणि टायर असो, एअर लॉकर असो की हवेवर चालणारा पाना, काम सुरू. ना लाईट लागते, ना इंजिन. बॅटरीवरच्या छोट्या पंपाला मोठं चाक भरायला बराच वेळ लागतो, तेच काम बाटली काही मिनिटांत करते.

गणित करून बघा. 1 किलो द्रव कार्बन डायऑक्साइडपासून साधारण 540 लिटर वायू मिळतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात 200 लिटर जागा आणि 1 बार दाब धरला, तर लागतो जेमतेम 400 ग्रॅम. म्हणजे 5 किलोच्या बाटलीत कागदावर 12-13 चाकं. प्रत्यक्षात कमी धरा, कारण वायू भराभर काढला की द्रव उकळताना बाटली गार पडते, दाब उतरतो, कधी बर्फही धरतो.

आता दुसरी बाजू. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब 20 अंशाला 57 बारच्या आसपासच राहतो; म्हणून मीटर बघून किती उरलंय ते कळत नाही, बाटली वजनच करावी लागते. 31 अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच संपतो आणि दाब झपाट्याने चढतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो! अशा उन्हात ट्रॅक्टरवर ठेवलेली जास्त भरलेली बाटली म्हणजे बॉम्बच. बंद खोलीत गळती झाली तर जीव गुदमरतो. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून चाकाचा दाब पुन्हा तपासायलाच हवा.

माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या कामाला कॉम्प्रेसरच बरा, त्याच्या टाकीतलं पाणी मात्र नियमित काढा, नाहीतर ती आतून गंजते. अडीअडचणीला गावात एक सामायिक बाटली असावी. पण शिक्का असलेली, दर 5 वर्षांनी दाब-चाचणी झालेली, सुरक्षा डिस्क आणि रेग्युलेटर असलेली, आणि सावलीत उभी बांधून ठेवलेली. गॅस सिलिंडर नियम, 2016 आहेत, ते बघणारं पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. भंगारातल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीला व्हॉल्व्ह वेल्ड करणं याला जुगाड म्हणू नका, तो अपघातच आहे, फक्त तारीख ठरायची बाकी.

आपण थर्मोडायनॅमिक्सचे पेपर सोडवतो, क्रिटिकल टेंपरेचर पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. तो आकडा परीक्षेत 2 मार्कांचा असतो, शेतात मात्र माणसाच्या जिवाचा. तेव्हा या सुट्टीत घरी गेलात, तर गावातल्या पंक्चरच्या दुकानात दहा मिनिटं बसा. चहा प्या, आणि कुणी "हवाच तर आहे" म्हणालं, तर गप्प बसू नका. भांडण झालं तरी चालेल. काका माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते, तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ती बाटली म्हणत होतास, ती कितीला पडते रे?"