प्लेअर नवा, पण आवाज कोणाच्या ताब्यात?

"ऑडिओ प्लेअर अपग्रेड करायचाय" असं आपला एखादा तरुण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा जुना प्लेअर काढून बड्या कंपनीचा चकचकीत प्लेअर चिकटवायचा, एवढंच त्याच्या मनात असतं. याला अपग्रेड म्हणायला माझा विरोध आहे. स्वतःचं घर सोडून भाड्याच्या खोलीत जाण्याला आपण प्रगती म्हणतो का?

फ्लॅश आठवा. ३१ डिसेंबर २०२० नंतर अ‍ॅडोबीने त्याचा सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधलं काही चालूच दिलं नाही. ज्यांच्याकडे भाषणांच्या, गीतांच्या मूळ एमपीथ्री फाइल्स होत्या, त्यांनी एचटीएमएल५चा साधा ऑडिओ टॅग लावला आणि काम सुरू. ज्यांनी सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर सोडलं, त्यांचं काय होतं ते मायस्पेसने दाखवलं. सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी गेली, हे २०१९ मध्ये जगाला कळलं. बारा वर्षांचं संगीत!

कोणी म्हणेल, कंपनीचा प्लेअर फुकट आहे, श्रोते तिथेच आहेत. मग तिथेही ठेवा की! पण मूळ फाइल आपल्याकडे, आपल्या डोमेनवर, शिवाय दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर हवी. बाबासाहेबांची १९५५ची बीबीसी मुलाखत आज त्यांच्या आवाजात ऐकता येते, कारण ते ध्वनिमुद्रण कोणीतरी जपलं.

आता वस्तीतल्या श्रोत्याचं बघा. त्याच्याकडे स्वस्त फोन आणि दिवसाचा मोजका डेटा. भाषण मोनोमध्ये, ६४ केबीपीएसवर ठेवलं तर तासाला साधारण २९ एमबी लागतात. १२८वर त्याच्या दुप्पट. ऑटोप्ले बंद, प्रीलोड बंद, खाली डाउनलोडची ठळक लिंक. रंगीत लहरी नाचवणारा प्लेअर त्याच्या काय कामाचा?

आणि नावं! वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीतं लिहिली. मेमरी कार्डात मात्र 'नॉनस्टॉप भीमगीत' एवढंच येतं. गायकाचं नाव कधी असतं, कवीचं गळतं. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिलाच नाही, त्याने आपल्या कवींना आपल्याच हाताने निनावी करायचं? एमपीथ्रीच्या टॅगमध्ये कवी, गायक, साल, गाव भरता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते खरं अपग्रेड हेच.

कॅसेट कंपन्यांच्या गाण्यांचे हक्क हा वेगळा गुंता, त्यात उगाच हात घालू नका. तुमच्या तालुक्यातल्या शाहिरांची परवानगी घ्या. त्यांच्या घरगुती कॅसेट अजून ट्रंकेत पडून आहेत, त्यांना बुरशी धरतेय. त्या आधी वेव्हमध्ये उतरवा, प्लेअरचा रंग मग ठरवू.