पुरुषांची परीक्षा, स्त्रियांना मात्रा

गोळ्यांच्या बाजाराविषयी या सदरात मी वारंवार लिहीत आलो, तेव्हा काही वाचकांना तो माझा हट्ट वाटला. परंतु या आठवड्यात आमच्या भागातील एका महिला व्यायामशाळेने वाटलेले पत्रक हाती आले आणि गप्प बसणे अशक्य झाले. घाम गाळणाऱ्या प्रत्येक भगिनीने रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट घ्यावे, असे त्यात ठळक टायपात फर्मावले आहे.

नेमकी हीच मात्रा जर्मनीतील येना येथील मिखाएल रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अजमावून पाहिली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : चार आठवडे व्यायाम केलेल्या तरुणांपैकी ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या, त्यांचीच शरीरे इन्सुलिनला अधिक दाद देऊ लागली. श्रमाच्या वेळी स्नायूंत उत्पन्न होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू केवळ उपद्रवी नसून, संरक्षणाची सिद्धता वाढवण्याचा सांगावा तेच शरीराला देतात, आणि गोळी तो सांगावाच दाबून टाकते, असे या संशोधकांचे प्रतिपादन. मात्र हे सारे तरुण पुरुष होते.

या दाखल्याशेजारी स्पेनमधील व्हॅलेन्सियाचा दाखला ठेवावा. तेथे होसे विन्या यांच्या गटाने २००३ साली दाखवून दिले की, मादी उंदराच्या पेशींतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नराच्या मानाने पुष्कळच कमी हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे वर सांगितलेल्या क्रियाशील रेणूंपैकीच एक, निर्माण करतात. अंडाशय काढले की हा भेद मावळतो आणि इस्ट्रोजेन दिले की पूर्ववत होतो. या रेणूंपासून ज्या रक्षणाचे आश्वासन गोळी देते, त्याची काही तजवीज निसर्गाने स्त्रीदेहात आधीच केली असावी, आणि रजोनिवृत्तीनंतर तिचा ताळेबंद बदलत असावा, असे मी यावरून बेलाशक मानतो. मग विशीतली धावपटू आणि पंचावन्नाव्या वर्षी प्रथमच वजन उचलणारी गृहिणी या दोघींना एकच मात्रा, आणि तीही पुरुषांवर व्यर्थ ठरलेली, कोणत्या न्यायाने द्यावयाची?

याच दोन जीवनसत्त्वांच्या, ऑस्लो येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र स्त्रियाही होत्या. अकरा आठवड्यांच्या व्यायामानंतर दमसास गोळ्या घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत सारखाच वाढला, पण तंतुकणिकांच्या वाढीच्या खुणा गोळ्या न घेणाऱ्यांतच उमटल्या.

आपल्याकडील वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी क जीवनसत्त्वाची केलेली शिफारस दिवसाला ६५ मिलिग्रॅमची आहे. तेवढी गरज एका पेरूने भागते. तेव्हा भगिनींनी डबी विकत घेण्यापूर्वी ती कोणाच्या शरीरावर पारखली, हे विचारावे, आणि समाधानकारक जबाब मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.