भावी सदस्यांचे चषक

'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य वर्षभरात इतक्या वेळा ऐकले, की आता ते म्हणणाऱ्याचा फोटो कोणत्या फलकावर आहे हे आम्ही आधी शोधतो. बहुधा सापडतोच. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुढची काही वर्षे निवडणूक झालीच नाही. त्यामुळे आमच्या बिडकीन-पैठण पट्ट्यात 'भावी सदस्य' उदंड झाले आणि त्यांचे चषकही. कबड्डीच्या परवाच्या फलकावर वर साहेब, मध्ये दादा, कडेला वाढदिवसाचे मानकरी. चढाई करणाऱ्या एकाही पोराचे नाव नव्हते.

2025 च्या जानेवारीत भारताने खो-खोचे पुरुष आणि महिला असे दोन्ही विश्वचषक जिंकले, तेव्हा प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्याच वर्षी क्रिकेटच्या आशिया चषकात भारतीय संघाने पाकिस्तानशी हस्तांदोलन टाळले, चषकही आशियाई क्रिकेट परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष, पाकिस्तानचे मोहसीन नक्वी यांच्या हातून घेतला नाही. ते बरोबर की चूक यावर भांडा, पण ते राजकारण नव्हते असे म्हणू नका.

खेळातले राजकारण नवेही नाही. शतकापूर्वी दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंच्या फिरकीवर हिंदू संघ गोऱ्यांना हरवायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही कर्णधारपद लांबच राहिले. 1920 मध्ये विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जातीवरून डावलल्याच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळू उपकर्णधार झाले. विठ्ठल कर्णधार झाले 1923 मध्ये. राजकारण त्या चहाच्या भांड्यात आधीपासून होते, भावांनी ते चव्हाट्यावर आणले एवढेच. याच बाळूंनी 1937 मध्ये बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते हरले, हेही सांगायला हवे.

आमचा राग फलकांवर नाही, फलकवाल्यांच्या गप्प बसण्यावर आहे. क्रीडा विद्यापीठ आधी औरंगाबादला म्हणून गाजले, 2020 चा कायदा झाला तो पुण्यासाठी. तेव्हा आमचे फलकवाले किती बोलले? बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत जवळपास आठ हजार एकर जमीन गेली, आणि पोरं अजून कापणी झालेल्या रानात आखणी करून खेळतात. पेरणी आली की स्पर्धा संपली.

पुढची निवडणूक आज ना उद्या लागेलच. भावी सदस्य दारात आले की चषकाची रक्कम विचारू नका. मैदानाचा गट नंबर विचारा, आणि सातबारा दाखवा म्हणा.