थर्मल मनालीला नेता, मग दारं धरायला का नाही?

‘थर्मल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मनालीची ट्रिप, बर्फातला फोटो, फार तर डिसेंबरातला हरिश्चंद्रगड. पण आपल्या बारामती-इंदापुरात थर्मलची खरी गरज ज्याला आहे, तो माणूस उसाच्या सरीत उभा असतो. रात्रपाळीची थ्री फेज लाइट येते, मोटर सुरू होते आणि घरातलं कुणीतरी बॅटरी-फावडं घेऊन दारं धरायला निघतं. अंगात काय? जुना कॉटनचा टी-शर्ट, वर स्वेटर, कानाला मफलर. माझं म्हणणं सरळ आहे. ट्रिपच्या कपड्यांचा आपण जेवढा विचार करतो, तेवढाच या माणसाच्या आतल्या कपड्यांचाही करायला हवा.

हा विचार कसा करायचा, ते थंड पाण्यातल्या पाणबुड्यांकडून शिकता येतं. ते ‘ड्रायसूट’ घालतात. मान-मनगटाला घट्ट सील असल्यामुळे पाणी आत येत नाही. आपल्याला वाटतं, हा सूटच ऊब देत असेल. पण पातळ कापडाच्या ड्रायसूटला स्वतःची ऊब फारशी नसते. ऊब देतो तो आतला कपडा, म्हणजे त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा. म्हणून पाणी किती थंड, आत किती वेळ राहायचं, हालचाल किती, हे बघून पाणबुडे आतला कपडा निवडतात. आणि त्यात कॉटन टाळतात. पाणी आत शिरलं नाही तरी घाम येतोच, आणि कॉटन तो पिऊन बसतं.

ओलं कॉटन अंगाला चिकटतं, त्यातली हवा निघून जाते आणि तिची जागा पाणी घेतं. उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेच्या सुमारे २५ पट पुढे आहे. शेतात गंमत अशी, की विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं, त्यामुळे भिजल्याचं काही वाटत नाही. बांधावर येऊन उभं राहिलं, वारं लागलं, की खरी हुडहुडी भरते. त्यासाठी बर्फ पडायची गरज नाही. दहा-बारा अंशांची रात्र, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं, तर माणूस अडखळतो, बरळतो, त्याचं भान सुटायला लागतं. अंधारात, पाण्यात, मोटरीच्या स्टार्टरजवळ असं होणं परवडणारं नाही.

मग घ्यायचं काय? दुकानात आधी लेबल वाचा. ‘थर्मल’ लिहिलेलं सगळंच पाण्याच्या कामाचं नसतं. त्यात बरंच कॉटनही असतं. अंगालगत पॉलिस्टरचं किंवा लोकरीचं थर्मल घ्या. पॉलिस्टर पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे लवकर वाळतं. त्यावर फ्लीस, पण थोडं सैल, कारण आवळून घातलं की हवा राहायला जागाच उरत नाही. सगळ्यात वर रेनकोट किंवा विंडचीटर, पायात गमबूट. गमबुटात दोन-दोन मोजे कोंबू नका, पाय आवळून उलट गार पडतात. फावडं मारताना वरचा एक थर काढून ठेवा, म्हणजे घामाने आतून भिजणार नाही. कपड्यांचा एक कोरडा जोड मोटरीच्या खोलीत ठेवाच. आणि पॉलिस्टर घालून शेकोटीला फार चिकटू नका. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं.

“आमच्या आज्याने कुठं थर्मल घातलं होतं?” हा प्रश्न येणारच. आजोबांच्या खांद्यावर घोंगडं होतं! लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही लगेच ओली लागत नाही, आणि भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते. मेंढरांमागे पावसात फिरणाऱ्या धनगरांना हे लेबल न वाचताच माहीत होतं. घोंगडं जड, टोचरं, हे खरं. फावडं मारताना ते जमणार नाही, पण सरी भरेपर्यंत बांधावर बसायला आजही त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आपण घोंगडं सोडलं आणि त्याच्या जागी कॉटनचं टी-शर्ट आणलं, हा काही फायद्याचा सौदा नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. थर्मल कशाला, दिवसा वीज द्या ना! अगदी बरोबर. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. ती मागणी लावून धरायलाच हवी. पण ज्याच्या शेतात आजही रात्रीची पाळी आहे, त्याने तोवर कुडकुडत का राहायचं? आणि दिवसा वीज आली, तरी उजनीच्या पाण्यात पहाटे जाळी काढणाऱ्याची थंडी कुठे जाणार आहे?

तेव्हा यंदाच्या हिवाळी सेलमध्ये स्वतःसाठी तिसरं जॅकेट कार्टमध्ये टाकण्याआधी घरी एक फोन करा. “दादा, रात्री दारं धरायला जाताना आत काय घालता?” एवढंच विचारा. उत्तर ‘बनियन’ असं आलं, तर काय घ्यायचं हे आता तुम्हाला माहीत आहे.