वेग थोडा कमी झाला तर?

भिवंडीकराला वेगाची महती सांगायला नको. यंत्रमागाने या गावाचे नशीब पालटले. परंतु साध्या यंत्रमागाची एक खोड कामगाराला ठाऊक असते: उभा धागा तुटला तरी माग थांबत नाही. नजर चुकली की सदोष कापड विणले जातच राहते. आपल्या संगणकातील ब्राउझरचे काहीसे असेच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

संकेतस्थळे जावास्क्रिप्ट या १९९५ साली जन्मलेल्या भाषेवर चालतात. पूर्वी ब्राउझर एकेक आज्ञा वाचून पाळीत असे. २००८ मध्ये क्रोम आला आणि त्या सुमारास जेआयटी, म्हणजे ऐनवेळचे भाषांतर, रूढ झाले. वारंवार येणाऱ्या आज्ञा ब्राउझर चालता चालताच यंत्रभाषेत उतरवतो. त्यासाठी तो अंदाज बांधतो: 'आतापर्यंत येथे आकडाच आला, पुढेही आकडाच येईल.' अनावश्यक वाटलेली तपासणी तो वेगासाठी वगळतो. ती वगळण्यात चूक झाली की परक्याला आत शिरण्यास तेवढी फट पुरते.

ही भीती काल्पनिक नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या मंडळींनी २०२१ मध्ये सांगितले की, २०१९ नंतर व्ही८ या जावास्क्रिप्ट यंत्रणेत नोंदलेल्या दोषांपैकी सुमारे ४५ टक्के जेआयटीशी निगडित होते. ॲपलने २०२२ मध्ये 'लॉकडाउन मोड' आणला. त्यात जेआयटी बंद होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियांका चतुर्वेदी यांच्यासह अनेक भारतीय नेत्यांना ॲपलकडून हल्ल्याच्या प्रयत्नाचा इशारा आला. कोणत्याही विशिष्ट सरकारवर आपण ठपका ठेवीत नाही, असेही कंपनीने म्हटले. अशा इशाऱ्यानंतर ॲपल हाच मोड चालू करण्यास सुचवते. सगळेच हल्ले जेआयटीच्या वाटेने येतात असे मात्र नव्हे. चित्रांच्या आणि निरोपांच्या वाटेनेही ते येतात.

आता विरोधकांचे म्हणणे. जेआयटी बंद केल्यास वेग घटतो. एजच्या एका मोजणीत घट ५८ टक्क्यांपर्यंत गेली. आकडा मोठा खरा, पण तो कसोटीच्या मैदानावरचा. रोजच्या वापरात लोकांना फरक क्वचितच जाणवला, असे त्याच मंडळींचे निरीक्षण होते. वर्तमानपत्र वाचायला किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला एवढी घाई कशाला? खेळ आणि चित्रसंपादन यांची गोष्ट निराळी.

खरा आक्षेप दुसराच आहे, आणि तो मला मान्य आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे स्वस्त, जुना फोन आहे. वेग घटला तर आधी तोच रखडणार. ज्याला संरक्षणाची अधिक गरज, त्यालाच ते महाग पडावे हा अन्याय नव्हे काय? म्हणून सर्वांवर सक्ती नको. पण निवड हाताशी हवी, आणि ती मराठीत, समजेल अशा शब्दांत हवी. एजमध्ये गोपनीयतेच्या सेटिंगखाली सुरक्षा वाढवण्याचा पर्याय आहे. त्यातील 'संतुलित' प्रकारात फारसे न वापरलेल्या संकेतस्थळांपुरतेच जेआयटी बंद होते. ज्या संगणकांवर शंभर हात फिरतात, त्या महाविद्यालयीन ग्रंथालयांतील संगणकांपासून आरंभ करण्यास काय हरकत आहे?