जगप्रवासाची तयारी शिकवता येते

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि मे २०१०मध्ये शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्या नऊ महिन्यांमागे तीन वर्षांहून अधिक काळाची तयारी होती, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची ही कल्पना दोंदे यांनी २००६मध्ये अंगावर घेतली, तेव्हा होडीसुद्धा अस्तित्वात नव्हती. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि दोंदे त्या बांधणीवर लक्ष ठेवून होते. कारण समुद्रात काही मोडले तर ते दुरुस्त करणारा दुसरा कोणी सोबत नसणार होता. अनुभवी दर्यावर्दी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली ते इंग्लंडमध्ये शिकले. मोठ्या प्रवासाआधी मॉरिशसपर्यंत जाऊन एकट्याने परत येण्याची चाचणी त्यांनी घेतली. निघण्याचा महिनाही असा धरला की, केप हॉर्नचा खवळलेला समुद्र दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात गाठता यावा.

ही तयारी एका माणसापाशी संपली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोंदे यांच्या प्रवासात किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टोमी यांनी २०१२-१३मध्ये त्याच ‘म्हादेई’तून, कुठेही न थांबता १५१ दिवसांत प्रदक्षिणा केली. २०१७-१८मध्ये ‘तारिणी’ या होडीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या, त्यांना घडवण्यात दोंदे यांचा वाटा होता. मग लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात तीच वाट पार केली आणि त्यांचे मार्गदर्शक होते टोमी. सोळा वर्षांत एका माणसाचे धाडस एका संस्थेची विद्या झाले. दीर्घ प्रवासाला लागणारी हिंमत प्रत्येकाची आपली असते, पण तयारी शिकवता येते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तसे असेल, तर ती फक्त नौदलातल्या आणि शहरांतल्या मुलामुलींपुरती का राहावी? ठाणे जिल्ह्यात कसारा लोकलच्या वाटेवरच्या आटगावातल्या, शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या मुलांपर्यंत ती का पोहोचू नये?

जमिनीवरून वर्षभर जग फिरायचे म्हटले, तर होडीची जागा कागद घेतात. युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येते. त्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, तो साधारणपणे आपण राहतो त्याच देशातून करावा लागतो आणि सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. म्हणजे ज्याच्या आराखड्यात युरोप आठव्या महिन्यात येतो, त्याला घर सोडण्यापूर्वी तो व्हिसा मिळूच शकत नाही. देशांचा क्रम नकाशा पाहून ठरवला की इथेच अडकायला होते. तो व्हिसाच्या मुदती पाहून ठरवावा लागतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असावी, असे अनेक देश सांगतात. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचे, तर लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालते. ते नसेल, तर तिथून भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८मध्ये विसाव्या वर्षी सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत १५९ दिवसांत जगाची फेरी पुरी केली. त्यामागे दोन वर्षांची आखणी होती. तरीही व्हिसाच्या विलंबात तिचे दिवस गेले आणि स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटले गेले. एवढ्या तयारीनंतरही इतके आडवे येते, तर तयारीशिवाय काय होईल याचा अंदाज करता येतो.

आता आटगावाकडे पाहू. इथल्या मुलाची पहिली अडचण समुद्राची किंवा युरोपची नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्याची आहे. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, जन्मतारीख शिक्षकांनी अंदाजाने लिहिलेली, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे अर्धे. गावात वावरताना यातले काही अडत नाही. पासपोर्टच्या खिडकीपाशी सगळे अडते. दहावी पार न केलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शेरा बसतो आणि अठरा देशांत नोकरीसाठी जाताना त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. व्हिसासाठी बँकेतली काही महिन्यांची उलाढाल दाखवावी लागते. ज्या घरात मजुरी रोखीने येते आणि रोखीनेच जाते, तिथे दाखवायला काही नसते. पोलीस पडताळणीला माणूस पत्त्यावर सापडावा लागतो, आणि घरचे सगळे कामासाठी बाहेरगावी असतील तर तोही सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ज्या तालुक्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथे जगप्रवासाची गोष्ट काढणे क्रूरपणाचे नाही का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पोटाची, शाळेची आणि पाण्याची कामे आधी झाली पाहिजेत; तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे ज्या तालुक्याच्या परिसरात आहेत तिथे उन्हाळ्यात टँकर येतात, हे विसरून चालणार नाही. पण या आक्षेपात एक चूक दडलेली आहे. सात-आठ महिने घर सोडून राहणे या कुटुंबांना नवे नाही. काय न्यायचे, काय मागे ठेवायचे, म्हाताऱ्यांची सोय कशी लावायची, पावसाआधी कधी परतायचे, हे सगळे ती दरवर्षी आखतात. त्यांच्या प्रवासात कमी असते ती निवड आणि कागद. नाव, जन्मतारीख, बँकखाते नीट करून देणारी तयारी ही चैन म्हणता येणार नाही. तिच्यावर रेशन मिळते, शिष्यवृत्ती मिळते, दूरच्या शहरात नोकरी मिळते आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीचा अर्जही भरता येतो. एखादा तिच्या बळावर जग पाहून आला, तर त्याने कोणाच्या ताटातले काही काढून घेतलेले नसते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: फार आखले की प्रवासातला जीव जातो, माणसाने सरळ निघावे. यासाठी १९२३ साली मुंबईहून सायकलींवर जगाकडे निघालेल्या सहा पारशी तरुणांचे उदाहरण दिले जाते. पण ते सहाही जण वेटलिफ्टिंग क्लबातले कसलेले गडी होते, आणि तरीही १९२८मध्ये फेरी पुरी करून परतले ते तिघेच: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. त्यांच्या काळात सरहद्दींवर आजच्याइतके व्हिसाचे नियम नव्हते. शिवाय उठून निघण्याचे स्वातंत्र्य ज्याच्या पाठीशी घर आणि पैसा आहे त्यालाच परवडते. वेदांगीच्या पाठीशी तिचे आईवडील होते, दोंदे यांच्या पाठीशी नौदल. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याचा आधार तयारीच. शहापूरचा शेतकरी पाऊस पडल्यावर भाताच्या रोपांसाठीचा राब भाजायला घेत नाही. राब उन्हातच भाजून ठेवलेला असतो, म्हणून पहिल्या सरींवर भाताचे बी पडते. ही समज ज्या मातीत आहे, तिथे आखणीचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शहापूर आणि मुरबाडच्या माध्यमिक शाळांनी व आश्रमशाळांनी नववीतच प्रत्येक विद्यार्थ्याचा जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंदवही शेजारी ठेवून तपासावी आणि चूक दहावीच्या अर्जापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने, तहसीलने आणि पासपोर्ट विभागाने मिळून वर्षातून एकदा, घरोघरची माणसे गावात असताना, म्हणजे पावसाळ्यात, पासपोर्टचे शिबिर घ्यावे. भूगोलाच्या तासाला मुलांनी वर्षभराच्या प्रवासाचा आराखडा करावा: ऋतू कोणता, व्हिसा कुठला, लस कधी, खर्च किती, परतीचा दिवस कोणता. यातले बहुतेक काम आजच्या शिक्षकांना आणि आजच्या कार्यालयांना करता येण्याजोगे आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क दीड हजार रुपये आहे आणि तो दहा वर्षे चालतो. आटगावच्या मुलीच्या हाती तो असेल, तर जग पाहायचे की नाही हे ती स्वतः ठरवू शकेल. आज तो निर्णय तिच्या वतीने दाखल्यावरची एक चुकीची तारीख घेते आहे. ती तारीख दुरुस्त करणे आपल्या हातात आहे. येत्या जूनपासून ते काम सुरू करावे.