मेजवानीचे दान, दानाचा रतीब

'डायनॅस्टी' या गाजलेल्या अमेरिकी मालिकेच्या १९८३ मधील एका भागात माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर हजेरी लावून जातात. मालिकेतले श्रीमंत कुटुंब काल्पनिक असले तरी ती मेजवानी खरी होती. डेन्व्हर शहरातली 'कॅरोसेल बॉल'. तिथे जमणारा पैसा लहान मुलांच्या मधुमेहासाठी होता आणि यजमानीण होत्या बार्बरा डेव्हिस.

बार्बराबाईंचे पती मार्विन तेलाच्या धंद्यातले धनाढ्य. १९८१ मध्ये त्यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ही अख्खी चित्रपट कंपनीच विकत घेतली. पण त्याआधीच त्यांच्या डेना या मुलीला वयाच्या सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला होता. हा गोड खाण्याने होणारा आजार नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि मग आयुष्यभर सुई. सत्तरच्या दशकात घरोघरी ग्लुकोमीटर नव्हते; साखरेचा अंदाज लघवीच्या तपासणीवरून बांधायचा आणि डुकराच्या किंवा गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचायचे. कोट्यधीशाच्या घरातही यापलीकडे उपाय नव्हता.

लेकीसाठी डॉक्टर घरी ठेवणे डेव्हिस कुटुंबाला जड नव्हते. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी १९७७ मध्ये प्रतिष्ठान काढले आणि पुढच्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात 'बार्बरा डेव्हिस सेंटर' सुरू झाले. तिथल्या डॉ. पीटर चेस यांचे पालकांसाठीचे पुस्तक पिंक पँथरच्या चित्रांनी सजले, म्हणून ते त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. घाबरलेल्या आईबापांच्या हाती असे पुस्तक देणारा डॉक्टर मला मोठा वाटतो. पुढे १९९२ मध्ये तिथे जॉर्ज आयझेनबार्थ संचालक म्हणून आले. टाइप १ मधुमेह अचानक कोसळत नाही, लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तो टप्प्याटप्प्याने आत मुरत असतो, ही मांडणी त्यांचीच. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध याच आधीच्या टप्प्यात देतात. त्याने आजार टळत नाही, पण लांबतो. सुयांविना मिळालेली एक-दोन वर्षेही शाळकरी पोराला थोडी नसतात.

या कामासाठी पैसा जमवणाऱ्या मेजवान्यांवर नाक मुरडणारे म्हणतील, फुलांवर आणि गालिच्यांवर उधळलेला पैसा थेट मुलांनाच का दिला नाही? प्रश्न रास्त आहे. पण या समारंभांनी आजवर दहा कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला, हेही खरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते एका रात्रीत संपले नाहीत. कुटुंब लॉस एंजेलिसला गेले तेव्हा मेजवानीही तिकडे गेली आणि पुन्हा पुन्हा होत राहिली. ज्या आजाराला रोज औषध लागते, त्याला दानही रतीब घातल्यासारखेच लागते.

आपल्याकडे नेमके हेच कमी पडते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस वर्षांखालील टाइप १ मधुमेहींची सर्वाधिक संख्या, सव्वादोन लाखांहून अधिक, भारतात आहे. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या 'ड्रीम ट्रस्ट'ने गरीब मुलांना मोफत इन्सुलिन देण्याचे काम उभे केले, तेही एकेका मुलाचा खर्च उचलणाऱ्या दात्यांच्या बळावर. आपल्या धनिकांना मात्र संगमरवरी पाटीवर नाव कोरता येईल असे दान आवडते. इमारत एकदा बांधली की झाले. इन्सुलिनची कुपी महिन्याभरात संपते आणि चार दिवस ती मिळाली नाही तर मूल दगावू शकते.

दानाचा असा रतीब घालण्यासाठी तेलविहिरींचा मालक असण्याची गरज नाही. चार मित्र मिळून एका मुलाचे इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या यांचा वर्षाचा खर्च वाटून घ्या. आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा द्या.